गोष्टीतल्या बाईचा खांदा

५ जानेवारी

प्रिय काडी,

नव्या वर्षाचं पहिलं पत्र तुला, आणि तेही चिडून लिहिलेलं. तुझ्यावर नाही गं, प्रकाशकांवर. काल त्यांच्या कचेरीत गेले होते. जिना चढताना माझा गुडघा असा वाजला, की वर बसलेल्या मुलीने विचारलं, "काही पडलं का?"

मी प्रकाशकांना सरळ सांगितलं, मला आता बावीस वर्षांच्या मुलींचा कंटाळा आलाय. इतकी वर्षं त्यांना तापाने फणफणवलं, जिन्यावरून पाडलं, निघालेल्या गाडीमागे धावायला लावलं. पुरे झालं. या खेपेला माझी नायिका छप्पन्न वर्षांची. विधवा, तुझ्यासारखीच. आणि नायक बेचाळीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "बाई, उलट केलं तर? नायक छप्पन्न आणि नायिका बेचाळीस?" मी म्हटलं, "ते घरोघरी आहे. त्याची कादंबरी कशाला?" शेवटी कबूल झाले, पण अट घातलीच. नायिकेचं काही दुखता कामा नये. "वाचकांना प्रेम वाचायचं असतं बाई, सांधे नव्हे."

पहिलं प्रकरण सोबत आहे. नेहमीसारखी लाल पेन्सिल घेऊन बस. माझं ऱ्हस्वदीर्घ तुला ठाऊकच आहे. मराठीच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचे आणि तू माझ्या वहीत वेलांट्या फिरवायचीस. पण या वेळी दुखणं वेगळंच आहे. ही दोघं भेटतात कुठे, तेच सुचत नाही. आपल्या वयाच्या बाईला बेचाळीस वर्षांचा पुरुष भेटतो तरी कुठे? बँकेच्या खिडकीत? मी परवा मुद्दाम जाऊन बघितलं. त्याने मान वर केली नाही.

तुझा खांदा कसा आहे? उजवा हात वर जात नाही म्हणतेस, मग वेणी कोण घालतं? सुनेला सांगतेस, की तशीच गबाळ्यासारखी बसतेस? मावसबहिणीला खरं सांगायचं असतं.

तुझी
ढब्बू

१९ जानेवारी

प्रिय ढब्बू,

प्रकरण वाचलं. तुझी नायिका तीन जिने धावत उतरते आणि खाली पोचल्यावर खळखळून हसते. अगं, छप्पन्नाव्या वर्षी बाई कठडा धरून उतरते, आणि हसायच्या आधी दम खाते. वेलांट्या दुरुस्त केल्यात. 'हृदय' अजूनही चुकवतेस, आणि लिहितेस तर प्रेमकथा!

खांदा गोठलाय असं डॉक्टर म्हणाले. मुलाने घरी येणारा एक जण लावून दिलाय. खरं तर फिजिओथेरपिस्ट, पण सून त्याला 'खांदेवाला' म्हणते, मग सगळेच म्हणतात. आहे तुझ्या नायकाच्याच वयाचा. मला भिंतीसमोर उभं करतो आणि म्हणतो, "चला काकू, बोटांनी भिंत चढा." दोन बोटं मुंगीसारखी वर वर न्यायची. थांबतील तिथे तो पेन्सिलीने बारीक रेघ मारतो. भिंतीचा रंग नवा आहे. सून नुसती रेघांकडे बघते.

एकदा जीव जाईल असं दुखलं. मी गप्प. बोर्डिंगात आपल्याला ओरडायचं नाही हेच आधी शिकवलेलं. तर तो म्हणतो, "ओरडा की काकू, इथे कुणी मार्क कापत नाही." मला हसू फुटलं आणि त्या हसण्यात हात बोटभर वर गेला. तुझ्या नायकाला खांदेवाला कर. प्रकाशकांना सांग, एकच सांधा आहे, फार दुखणार नाही.

तुझी पत्रं आमच्याकडे जेवताना मोठ्याने वाचली जातात, ठाऊक आहे ना? 'लेखिका मावशीचं पत्र' म्हणून सूनच फोडते. मुलगा हसतो, मीही हसते. माझं पत्र मुलगा कामावर जाताना टाकतो, तोवर ते टेबलावर पडलेलं असतं. म्हणून लिहायला बसले की अजून बोर्डिंगातल्या सिस्टर मागे उभ्या आहेत असं वाटतं. त्या सगळ्या पत्रांवरून नजर फिरवायच्या, आठवतं? मग तू तुझ्या आईला लिहायचीस, "मी एक गोष्ट रचते आहे. गोष्टीतल्या मुलीला इथलं दूध आवडत नाही, ती पांघरुणात रडते." मावशी बरोबर ओळखायची आणि पुढच्या रविवारी येऊन उभी राहायची. मीही तसंच लिहायला लागले. सिस्टर म्हणायच्या, या दोघींची कल्पनाशक्ती फार छान आहे! खरं सांगू, तू लेखिका झालीस ती त्या दुधामुळे.

वेणी सून घालते. घट्ट घालते.

तुझी
काडी

३० जानेवारी

प्रिय काडी,

खांदेवाला! अगं, तू तर माझी बुडती नाव काठाला लावलीस. तिचे जिने काढून टाकले, दम खायला लावला, आणि दुसऱ्या प्रकरणात हा पेन्सिल घेऊन हजर. रेघा तर मी अशा वापरणार आहे की बघशीलच.

आता मला सगळं सांग. तो उभा कुठे राहतो? हात कसा धरतो? तिच्या मनात काय येतं? तुझ्याकडे रोजचा माल आहे आणि माझ्याकडे नुसती बँकेची खिडकी. एक विचारू? माझा नायक दुसऱ्याच प्रकरणात तिला म्हणतो, "तू किती सुंदर आहेस." मला वाचताना बरं वाटलं, पण माझं काय, मला कुणी म्हटलेलंच नाही, म्हणून बरं वाटत असेल. तुला कसं वाटतं?

सूनबाई, हे पत्र वाचत असाल तर माझ्या आवाजात वाचा, जरा घोगरा काढून.

तुझी
ढब्बू

२० फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

नाही बरं वाटत. त्याच्या तोंडी 'तू' घालू नकोस. अशी बाई समोर असताना कुणाची जीभ रेटत नाही.

गोष्टीतल्या बाईचं कसं होतं ते मी सांगते. तो आधी तिला 'काकू' म्हणतो. दारातून येताना, भिंतीशी, जाताना, वाक्यागणिक काकू. मग एके दिवशी तो गेल्यावर तिच्या लक्षात येतं, आज काकू आलंच नाही. त्या जागी काहीच आलं नाही. "हात वर घ्या." "दुखतंय?" "उद्या येतो." काकू नाही, मॅडम नाही, नाव तर नाहीच. दिवसभर ती बाई त्या मोकळ्या जागेभोवती फिरत राहते. वाटतं, चुकून राहिलं असेल. पुढच्या खेपेला कान देऊन ऐकते. पुन्हा नाही. सून चहा घेऊन आली की मात्र येतं, "काकूंना आता खूप फरक आहे." सून कप घेऊन गेली की जातं.

मग एकदा हात डोक्यामागे पोचतो. ती त्याच्यासमोरच केस सोडते आणि किती महिन्यांनी स्वतःची वेणी स्वतः घालते. वाकडी होते. वेणी पुरी होईपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते, जणू ती कपडे बदलत होती.

एवढंच होतं. याच्या पुढे काही लिहू नकोस. आणि तुझा तो 'सुंदर' शब्द काढून टाक, तो या खोलीत मावत नाही.

तुझी
काडी

२ मार्च

प्रिय काडी,

प्रकाशकांनी तो भाग वाचला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाई, सांधा राहू द्या." आहेस कुठे! आजवर माझ्या एकाही ओळीने त्यांना गप्प केलं नव्हतं.

पण आज मला तुझी चूक सापडली आणि मी ती सोडणार नाही. 'ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते.' ते? अगं, नायकाला 'ते'? नायक आहे की तुझा चुलतसासरा? मी माझ्या नायकांना जन्मभर 'तो'च म्हणत आले. मीच जन्माला घातलेत, त्यांना कसला मान द्यायचा? लाल पेन्सिल या वेळी मी चालवली. तुझ्या वहीत माझी रेघ! सिस्टरना कळलं असतं तर घंटा वाजवली असती.

पुढे काय होतं? थांबू नकोस, मी अडकून बसलेय.

तुझी
ढब्बू

२१ एप्रिल

प्रिय ढब्बू,

उत्तराला उशीर झाला. खांदा बरा झाला. हात सरळ वर जातो, वरच्या फळीवरचा डबा मीच काढते. उपचार संपले.

गोष्टीतल्या बाईचेही संपले. पण तो येत राहतो. पहिल्यांदा म्हणतो, सहज इकडून जात होतो. दुसऱ्यांदा काहीच म्हणत नाही. तिसऱ्यांदा येतो तेव्हा भिंत रंगवलेली असते. सुनेने माणूस बोलावून रंगवून घेतलेली असते, एकच भिंत. तो त्या भिंतीकडे बघतो आणि ओल्या रंगाला बोट लावून बघतो. जेवताना मुलगा आईला विचारतो, "आई, आता कशाला येतात ते?" रागाने नाही. पाऊस पडेल का विचारावं तसं विचारतो. ती म्हणते, "भाजी वाढू?"

मग तो सांगतो की त्याला समुद्रकाठच्या गावात काम मिळालं आहे, तिथल्या इस्पितळात. राहायला दोन खोल्या आहेत. तो म्हणतो, "एका खोलीतून समुद्र दिसतो, दुसरीतून नाही. दिसतो ती तुमची. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी तेच सांगेन." तिला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

ढब्बू, या बाईला एकच मैत्रीण आहे, बहिणीसारखी. तिला विचारल्याशिवाय तिने कधी चप्पलसुद्धा घेतली नाही. लग्नाच्या वेळीही आधी तिलाच विचारलं होतं. आता तीच सांगेल ते ती करणार आहे. घर सोडायला तिचे पाय तयार आहेत, पण तेवढे पुरत नाहीत. कुणीतरी 'जा' म्हणायला हवं, किंवा 'जाऊ नको' म्हणायला हवं.

काय करावं तिने? विचार करून लिही. पण लवकर लिही.

तुझी
काडी

२६ एप्रिल

प्रिय काडी,

पत्र आलं आणि आंघोळ राहिली. लगेच लिहितेय, कारण याचं उत्तर मला झोपेतही ठाऊक आहे.

नाही म्हणू दे तिला. अगदी ठाम नाही. इथे 'हो' म्हटलं की संपलंच सगळं. पुढे काय उरतं? दोन खोल्या आणि समुद्र. आपल्या वयाच्या बाईने पहिल्या हाकेला उठून जाऊ नये, तिची किंमत राहत नाही. मुलगा आहे, सून आहे, आयुष्यभर राखलेली अब्रू आहे. ती हे सगळं एका पिशवीत भरून निघाली तर कुणाला पटेल? मला नाही पटणार. आणि रडायचं नाही. सरळ उभं राहायचं आणि एकच वाक्य म्हणायचं. ते मी आत्ताच चहाच्या कपावर बशी ठेवता ठेवता रचलं, बघ कसं वाटतं: "तुम्हाला घर मांडायचंय, मला आवरायचंय." बस. त्यावर त्याला बोलायला जागाच नाही.

तो जाईल. जाऊ दे. काळजी करू नकोस, तो परत येणार. खरा असेल तर येतोच. माझ्याकडे आजवर गेलेला एकही परत आल्याशिवाय राहिलेला नाही, तू सगळ्यांना ओळखतेस. त्या जाण्या-येण्यातच तर सगळी गोडी आहे.

पटलं ना? मग पुढे काय झालं ते कळव.

तुझी
ढब्बू

१० मे

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र सुनेने जेवताना वाचलं. मुलगा म्हणाला, "मावशी शहाणी आहे. पुस्तकात असंच हवं." सुनेने माझ्या पानात न मागता आणखी भात वाढला.

गोष्टीतल्या बाईने मैत्रिणीचं ऐकलं. तो आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. ती रंगवलेल्या भिंतीशी उभी राहिली आणि ते वाक्य म्हणाली, जसंच्या तसं. आधी पाठ केलं होतं, प्रेअर पाठ करायचो तसं. आवाज कापला नाही. तो म्हणाला, "आवरायला मी मदत केली असती." पिशवी उचलली. दारात चपला घालताना एक उलटी पडली होती, ती पायाने सरळ करायला त्याला फार वेळ लागला. मग गेला.

ती रडली नाही. तू नको म्हणाली होतीस.

आता तो कधी येतो, तेवढं कळव.

तुझी
काडी

१८ मे

प्रिय काडी,

"आवरायला मी मदत केली असती!" हे तू आणतेस कुठून? मी अख्खं आयुष्य घातलं आणि मला असं एक वाक्य सुचलं नाही. ती उलटी चप्पलसुद्धा घेतली. प्रकाशकांच्या कचेरीतल्या मुलीने टाइप करताना डोळे पुसले म्हणे. तुझं नाव पुस्तकावर घालायला हवं, पण तू घालू देणार नाहीस.

तो येतो गं, घाई कशाला? थंडी पडली की शेवटच्या प्रकरणात आणते त्याला, हातात शाल देऊन. जरा वाट बघू दे बाईला. वाट बघणाऱ्या बाईवर वाचकांचा फार जीव असतो.

तुझी
ढब्बू

१२ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. उत्तर कोपऱ्यावरच्या शिंपिणीच्या पत्त्यावर पाठव, तो मागे लिहिलाय. ती माझ्या ब्लाउजांच्या बाह्या सैल करून देत होती, तेव्हापासून तिला सगळं ठाऊक आहे. तिने एक शब्द विचारलेला नाही.

गोष्ट पुरे झाली. सिस्टर केव्हाच गेल्या, आता मी घाबरून काय राखायचं?

मी वाट बघितली. तू म्हणालीस थंडी पडली की येतील. पडली. रोज दुपारी घर रिकामं झालं की मी धुतलेली साडी नेसून बसायचे. सून एकदा अवेळी परत आली, तिने बघितलं, आणि काही न बोलता परत बाहेर गेली. तिच्या त्या न बोलण्याची मला फार लाज वाटली. शेवटी परवा शिंपिणीच्या दुकानातून मीच फोन केला.

"हॅलो, कोण?" म्हणाले. मला कोण म्हणून सांगता येईना. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नव्हतं, ते सांगितलं तर ओळखतील की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, "मी बोलतेय." ते म्हणाले, "बोला काकू. खांदा कसा आहे?"

काकू म्हणाले, ढब्बू. तिथे कुणी चहा घेऊन आलेलं नव्हतं.

फार चांगलं बोलले. व्यायाम करता ना, वजन उचलू नका, थंडीत शेक घ्या. मी सगळ्याला हो म्हटलं. मागून एका बाईचा आवाज आला, "अहो, येताय ना? निवतंय." तरुण आवाज होता, गोड होता. मी म्हटलं, "जा, जेवा." ते म्हणाले, "बरं काकू, ठेवतो." शिंपिणीने मशीन थांबवलं होतं, ते पुन्हा सुरू केलं.

तुला मी दोष देत नाही. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. नको म्हणालीस ते पुढचं बघूनच म्हणाली असणार, आणि मी त्यावरच दिवस काढलेत. फक्त ते येतील म्हणाली होतीस, तेवढं चुकलं.

तुझी
काडी

१७ नोव्हेंबर

काडी,

मला माहीत नव्हतं.

हे वाक्य लिहून मी उठले आणि खोलीत फिरून आले. दुसरं वाक्य सापडत नाही. मला खरंच माहीत नव्हतं गं. मी कादंबरीबद्दल लिहीत होते. तू माझ्या बाईला जन्म देते आहेस असं समजून मी नुसती घेत सुटले. 'नाही म्हणू दे' म्हटलं ते मला अजून अर्धं पुस्तक भरायचं होतं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. तुझा मुलगा, तुझी सून, अब्रू, काहीसुद्धा माझ्या मनात नव्हतं. ते वाक्य तर कपावर बशी ठेवता ठेवता सुचलं म्हणून मीच तुला फुशारकीने लिहिलं.

तुझी सगळी पत्रं काढून बसले. कुणी परकं वाचेल तर त्याला पहिल्या ओळीत कळेल. 'ते' लिहिलंस तू, आणि मी त्यावर विनोद केला. गोष्टीतली मुलगी माझीच होती ना, मीच आधी तिला रडवलं होतं. माझी आई ते वाचून रविवारची गाडी पकडून यायची. मी बसल्या जागेवरून उठलेसुद्धा नाही. मी तर 'पुढे काय होतं' विचारत होते.

काल प्रकाशकांकडे धावले. खरंच धावले, गुडघा गेला उडत. म्हटलं, पुस्तक थांबवा. ते म्हणाले, "बाई, छापून, बांधून दुकानांत गेलंसुद्धा." माझ्यासमोर प्रत ठेवली. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ते वाक्य छापलंय. घर मांडायचंय, आवरायचंय. मी प्रत उलटी ठेवली तर पुढच्या बाजूला शाल घेऊन आलेला तो.

मी जाते त्या गावाला. त्यांना भेटते, सांगते की ते बोलणं तुझं नव्हतं, माझं होतं, माझ्या मूर्खपणाचं होतं. नाहीतर तुझ्या मुलाशी बोलते. नाहीतर तू इथे ये, माझ्याकडे राहा, कायमची राहा. मी काय करू ते सांग. काहीही सांग, करते.

ढब्बू

२४ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

तू कुठेही जाऊ नकोस. त्यांना जाऊन काय सांगशील? त्या घरात आता कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारतं. तिने काय केलंय? आणि बोलणं तुझं असलं तरी तोंड माझं होतं.

मुलाशीही बोलू नकोस. तो वाईट नाही. मला परवा पायमोजे आणून दिले, थंडीचे. मी तुझ्याकडे येईन कधीतरी चार दिवस, पण आत्ता नाही. आत्ता आलीस समोर तर आपण दोघी रडू, आणि मग तुला चहा करून द्यायला मलाच उठावं लागेल.

रागावले नाही. रागवायला बसले होते, जमलं नाही. तुझ्यावर रागवावं तर तू काही केलंच नाहीस. त्यांच्यावर रागवावं तर मीच त्यांना जा म्हटलं. सुनेने एक भिंत रंगवली, भिंत तिचीच आहे. कुणाच्या अंगावर ओरडावं असा एकही माणूस सापडत नाही.

पण एका गोष्टीमुळे मला अंथरुणातून उठवेनासं झालंय, ती तुला सांगते. इतके महिने मला वाटत होतं, माझ्या आयुष्याचा माझ्या माणसाने विचार केला आणि नको म्हटलं. मग नसेल माझ्या नशिबात, असं म्हणून मी डबे पुसत होते. आता कळतंय, कुणी विचार केलाच नव्हता. मी विचारलं, पण प्रश्न कुणापर्यंत पोचलाच नाही, आणि मी उत्तर घेऊन घरी आले.

म्हणून आता विचारते, सरळ विचारते. कादंबरीतल्या बाईचं नको, माझं सांग. मी सत्तावन्न वर्षांची, खांदा असा, मुलगा असा, ते माझ्याहून एवढे लहान. त्यांनी बोलावलं होतं. मी जायला हवं होतं का?

आता त्याने काही होणार नाही, हे मला कळतं. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मी तुझं अक्षर शाळेपासून दुरुस्त करत आलेय, खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून कळेल. मला फक्त तुझं उत्तर हवंय, जे तेव्हा मागितलं होतं ते.

तुझी
काडी

२९ नोव्हेंबर

प्रिय काडी,

जायचं होतंस गं.

ढब्बू